बॅज उलटा करून बघा

"ओतीव आहे. बोगस." एवढंच बोलून काकांनी फौजी टोपीवरचा तो बॅज टेबलावर ठेवला आणि पुढच्या माणसाची शिवराई भिंगाखाली धरली. पुण्यात नाणी-तिकिटांची प्रदर्शनं भरतात तसल्या एका हॉलमधली ही गोष्ट. वर पंखे गरगरतायत, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि सगळीकडे तो जुन्या तांब्या-पितळेचा, बोटांना चिकटून राहणारा वास. काका या छंदातले मुरलेले, त्यांचा शब्द शेवटचा मानतात लोक, आणि तसे काही तुसडे नाहीत ते, रांग लागलेली असली की कुणीही असंच बोलेल. समोरच्या ताईंनी वाद घातला नाही. त्यांच्याकडे हिंगाची एक जुनी डबी होती, तिच्यात कापूस, कापसात त्यांनी बॅज परत ठेवला, झाकण दोनदा दाबून बघितलं आणि बाजूला झाल्या. बाहेर चहाच्या टपरीवर गाठ पडली तेव्हा त्यांनीच विषय काढला, "सर, तुम्ही पण हेच गोळा करता ना? मग बोगस म्हणजे काय, आमचे आजोबा मिलिटरीत नव्हतेच असं म्हणायचंय का त्यांना?"

तसं अर्थातच कुणाला म्हणायचं नव्हतं. आम्ही गोळा करणारी माणसं वस्तूबद्दल बोलतो, समोरच्याला ते माणसाबद्दल ऐकू येतं, आणि हे आम्हाला ठाऊक असूनही आम्ही तसंच बोलत राहतो. मी त्यांना म्हटलं, ताई, बघू का मी जरा? त्यांनी डबी पुढे केली आणि तो हिंगाचा भपकारा आला. बॅज छोटासाच, पितळी, मधे भीमा कोरेगावचा स्तंभ आणि त्यावर इंग्रजीत महार. माझा हात जरा थबकलाच, कारण हा नमुना मी चित्रात, फोटोत पाहिला होता, हातात कधी आला नव्हता.

पण आधी हे सांगायला पाहिजे की काका नियमाला धरून अगदी बरोबर बोलले होते. कॅप बॅज हातात आला की नवखा माणूस पुढची बाजू बघतो, मुकुट, बिगुल, सिंह, अक्षरं. जुना माणूस तो आधी उलटा करतो. कारण असली ब्रिटिश बॅज म्हणजे पितळेचा पत्रा, तो पोलादी डायवर, म्हणजे चित्र कोरलेल्या ठशावर, ठेवून प्रेसमध्ये दणका दिला की पुढे जे उंच ते मागे खोल, पुढचं सगळं चित्र मागे उलटं उमटतं, कडा करकरीत, मागचा भाग गुळगुळीत. याला डाय-स्ट्रक म्हणतात. आणि नकली करणारा काय करतो, त्याच्याकडे डाय नसते, डाय कोरून घ्यायला पैसे लागतात, मग तो असली बॅज मातीत किंवा रबरात दाबून साचा करतो आणि त्यात पितळ ओततो. असा बॅज मागून सपाट किंवा खरबरीत येतो, रेतीचे कण दिसतात, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, आणि पुढची अक्षरं साच्यातून काढलेल्या पेढ्यावर असतात तशी गोलसर, दबलेली. शिवाय पितळ थंड होताना आकसतं, साधारण दीड-दोन टक्के, म्हणजे चाळीस मिलिमीटरच्या असली बॅजवरून काढलेली नक्कल अर्धा-पाऊण मिलिमीटर लहान भरते. कॅलिपर लावला की चोरी पकडली. नकलेवरून परत नक्कल काढली तर ती आणखी लहान, आणि बाजारात अशा तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या नकला ढिगानं आहेत.

मला हे वेड लागलं ते खडकीमुळे. आमचं लहानपण तिकडचं, वडील फॅक्टरीत, आजूबाजूला सगळे पेन्शनर फौजी, आणि कंटाळा आला की आम्ही पोरं युद्ध स्मशानभूमीत जायचो कारण तिथं सावली असायची आणि हिरवळ मस्त राखलेली असायची. तिथल्या हेडस्टोनवर नावाच्या वर रेजिमेंटचं चिन्ह कोरलेलं असतं, हे तेव्हा नुसतं बघितलं होतं, पुढे कळलं की बॅज ओळखायला शिकायचं असेल तर याच्याइतकी चांगली शाळा नाही. दगडावर कुणी नक्कल करून विकत नाही ना. एकेका ओळीतून चालत जा, कुणाचा हरीण, कुणाची वीणा, कुणाचा पेटता ग्रेनेड, आणि खाली वय एकवीस, तेवीस. गोळा करायला लागल्यावर मी पुन्हा गेलो तेव्हा आधी वह्या-पेन्सिल घेऊन चिन्हांची चित्रं काढत होतो, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की मी नावं वाचतच नाहीये. ते मला काही बरं वाटलं नाही, पण चित्रं पूर्ण केली मी.

मग जुना बाजार. बुधवार-रविवार. तिथं एकानं मला पितळी अक्षरांचं खांद्यावरचं टायटल दाखवलं होतं, मराठा पलटणीचं, त्यात पाचचा आकडा, आणि आवाज खाली आणून सांगितलं की साहेब हे कुतच्या वेढ्यातलं आहे. वस्तू चांगली होती, अगदी असली होती. फक्त कुतला, म्हणजे पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, आपली पुण्याची सहावी डिव्हिजन शरण गेली ती एप्रिल १९१६ मध्ये, तेव्हा आत अडकलेल्या मराठा पलटणी १०३, ११० आणि ११७ नंबरच्या, आणि या आणि आणखी काही मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली ती १९२२ मध्ये. म्हणजे वस्तू खरी आणि गोष्ट खोटी. मी पैसे वस्तूचे दिले, गोष्ट फुकट ऐकली. तो पण हसला, चहा पाजला त्यानं.

मुकुटाचं तर अजून मजेशीर. १९०१ नंतर १९५२ पर्यंतचा राजाचा मुकुट घुमटासारखा, वरच्या कमानी फुगीर. एलिझाबेथ आल्यावर १९५३ पासूनचा मुकुट मधे खाली दबलेला. आता आपण प्रजासत्ताक झालो २६ जानेवारी १९५० ला, ती गादीवर आली १९५२ ला, त्यामुळे भारतीय पलटणीच्या बॅजवर तो दबलेला मुकुट असायला काही कारणच नाही, तिथं अशोकाचे सिंह आलेले. पण असे बॅज मिळतात! कुणीतरी इंग्लंडच्या बॅजवरून मुकुट उचलून मराठा बिगुलाच्या डोक्यावर बसवलेला असतो. यात एक मेख आहे, व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुटही जरासा दबलेलाच दिसतो, त्यामुळे घाईघाईनं दबका मुकुट दिसला की फेकून देणाऱ्यानं हातातलं सोनं फेकलेलं असू शकतं.

जुनं दिसण्यासाठी करतात ते उद्योग तर विचारू नका. चहाच्या पाण्यात उकळणं, ॲसिडचा वाफारा, शेणात पुरून ठेवणं, बूट पॉलिश चोळून पुसणं. असल्या बनावट जुनेपणाची खूण अशी की तो सगळीकडे सारखा असतो. खरा बॅज सारखा झिजत नाही. शिपाई रोज सकाळी त्याला घासतो तेव्हा उंचवटे झिजतात, खोलगट भाग तसाच राहतो, आणि खाचेत ब्रासोचा पांढरा-हिरवा थर बसतो तो पुढे दगडासारखा कडक होतो. मागच्या पट्टीवर, म्हणजे टोपीच्या घडीत खुपसायच्या स्लायडरवर, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या मोठ्या मेकरचं नाव ठोकलेलं दिसलं की नवखे खूश होतात. ते जे. आर. गाँट नाव असलीवरही आहे आणि हल्लीच्या मालावर तर हटकून आहे, मला तर आता नाव दिसलं की जास्त संशय येतो. वर जुन्याच डायवर अलीकडे पुन्हा ठोकलेले बॅज असतात, त्यांना काय म्हणायचं यावर दोन कलेक्टर भेटले की तासभर निघतो. डाय खरी, दणका नवा.

पण हे सगळं शास्त्र बर्मिंगहॅमचं आहे, तिकडच्या कारखान्यांतल्या मालाचं.

ताईंचा बॅज हातात घेऊन मी तिथं टपरीच्या बाकड्यावर बसलो तेव्हा माझ्या डोक्यात हेच आलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा आपली फौज दोन लाखांच्या आसपास, संपलं तेव्हा पंचवीस लाख. एवढ्या डोक्यांना टोप्या आल्या, टोप्यांना बॅज आले, आणि विलायतेतून बोटीनं येणार काय तर आधी तोफा, ट्रक, औषधं. खुद्द इंग्लंडमध्ये धातू वाचवायला प्लास्टिकचे बॅज काढले होते, मग आपल्याकडे कोण डाय कोरत बसणार. आपल्याकडे जे होतं ते वापरलं, छावणीजवळच्या बाजारातला ओतारी. घंटा ओतणारा, समया ओतणारा, त्याला नमुना दिला, त्यानं रेतीत दाबला, पितळ ओतलं, कानसीनं कडा घासल्या, मागे तांब्याच्या तारेचे कडीसारखे दोन लग डाखले आणि माल पलटणीत. हे भारतातल्या आणि बर्मा आघाडीवरच्या गोऱ्या सोल्जरांनीही वापरलं, इंग्रज कलेक्टर त्याला भारतीय बनावटीचे म्हणून वेगळा कप्पा ठेवतात, काहीजण तर तेच शोधतात. तरी बहुतेक पुस्तकं तिकडची, तिकडच्या मालासाठी लिहिलेली, आणि आपण ती पाठ केली. ओतीव म्हणजे नकली हे तिकडे शंभरातल्या नव्वद वेळा खरं असेल. इकडे त्या काळात ओतीव हीच सरकारी रीत असायची कितीतरी वेळा. म्हणजे आपला असली माल त्यांच्या नकली मालासारखा दिसतो, आणि आपला माणूसच त्यांच्या चष्म्यातून बघून आपल्या माणसाला बोगस म्हणतो. याचा मला राग आला होता तेव्हा, खरं सांगतो, पण त्याच चष्म्याचे पैसे मीही भरलेत.

आता या बॅजचं. १८९० च्या दशकात महारांची भरती सरकारनं बंद केली, मग अर्ज झाले, विनंत्या झाल्या, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. बाबासाहेब १९४१ ला व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्याच वर्षी १ ऑक्टोबरला महार रेजिमेंट उभी राहिली, पहिली बटालियन बेळगावात, मग दुसरी कामठीला. हिचा पहिला बॅज म्हणजे कोरेगावचा स्तंभ आणि महार ही अक्षरं, बस. १९४६ ला मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा स्तंभावर दोन व्हिकर्स गन फुलीसारख्या आल्या आणि खाली नावाची पट्टी आली. पुढे स्तंभ गेला, त्या जागी खंजीर आला, आज तोच आहे. तेव्हा गन नसलेला, पट्टी नसलेला नुसता स्तंभ म्हणजे नमुना १९४१ ते १९४६ मधला. इतक्या थोड्या वर्षांचा नमुना असला की कलेक्टरच्या तोंडाला पाणी सुटतं आणि नकली करणाऱ्याच्याही.

आणि इथं असली-नकलीखेरीज एक तिसराही प्रकार आहे, जो बाकीच्या बॅजना नसतो. दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जो जनसागर लोटतो तिथं पुस्तकं, कॅलेंडरं, मूर्ती यांच्या स्टॉलवर स्तंभाचे बॅज मिळतात, कीचेन मिळतात. लोक छातीवर लावतात, घरी नेतात, देवघरात नाहीतर टीव्हीवर ठेवतात. त्याला नकली कसं म्हणणार, तो कुणाला फसवायला केलेलाच नाही. पण पन्नास वर्षांनी एखाद्या डबीत तो सापडला आणि सोबत आजोबांची गोष्ट असली की बसा डोकं खाजवत.

तर भिंग लावलं. मागची बाजू रेतीच्या कणांची, खरबरीत, काका बरोबर. कडेला कानसीचे तिरके ओरखडे, पण ते ओरखडेही वरून मऊ झालेले, बोट फिरवलं तर लागत नव्हते. लग दोन, तांब्याच्या तारेचे, एक मूळचा असावा आणि दुसरा नंतर कुणीतरी शिशानं जोडलेला, चांदीसारखा डाग पडला होता तिथं. मूळच्या लगच्या आतल्या बाजूला एक खाच होती. टोपीच्या आतून पिन घालतात ना या लगमधून, ती पिन चालताना, धावताना, टोपी काढता-घालताना तिथं घासत राहते, आणि वर्षानुवर्षं घासून गोल भोकाचं लांबट होतं. दुसऱ्या, जोडलेल्या लगलाही तशीच खाच, जरा उथळ. म्हणजे तुटल्यावर दुरुस्त करून पुन्हा वापरला होता. स्टॉलवरच्या बॅजला मागे साधी सेफ्टी पिन असते, त्याला हे होणार नाही. आणि विकायला नकली करणारा पुढचं तोंड जुनं करेल, लगच्या आत कानस घालून खाच पाडायचा उद्योग कोण करेल, कारण तिथं बघतंच कोण. स्तंभाचं टोक जवळपास सपाट झालेलं, अक्षरांतलं पहिलं अक्षर शेवटच्यापेक्षा जास्त झिजलेलं, कापड नेहमी एकाच दिशेनं फिरवलं की होतं तसं. अक्षरांच्या पोटात तो पांढरा-हिरवा थर, नखानं निघाला नाही.

माझं मन तिथंच तयार झालं. मी ताईंना म्हटलं, हा टोपीवर वापरलेला बॅज आहे, बरीच वर्षं वापरलेला, आणि ही जी झीज आहे ना वरची, ही रोजच्या परेडची. त्या हसल्या. म्हणाल्या, "परेडची कशी, आम्हीच घासतो की. चौदा एप्रिलला आणि एक जानेवारीला. आधी आजी घासायची चिंचेनं आणि राखेनं, मग आई, आता मी ब्रासो आणते."

आता यावर काय बोलणार. आमच्यात पहिला नियम हाच की जुन्या बॅजला घासायचं नाही, त्याचं वय त्या काळपट थरात असतं, घासलं की किंमत अर्धी. मी हे लोकांना कानीकपाळी ओरडून सांगत असतो. आणि इथं मी मोठ्या ऐटीत शिपायाची झीज म्हणून जी वाचत होतो ती निम्मी तरी एका बाईनं चुलीपुढे बसून केलेली होती. स्तंभाचं टोक कुणी सपाट केलं, आजोबांनी का आजीनं? पुरावा म्हणून बघाल तर तो गढूळ झाला. लगची खाच तेवढी उरली, ती घासून होत नाही. पण मला पुराव्याचं वाईट वाटलंच नाही फारसं. बॅज ज्यांनी घातला त्यांनी पाच-सहा वर्षं घातला असेल, आणि त्याला हात लावणाऱ्या तीन बायकांनी जवळजवळ ऐंशी वर्षं, मग ही वस्तू कुणाच्या वापरातली म्हणायची? आमच्या वर्गवारीत याला खाना नाही. माझ्याकडे घरी कप्प्याकप्प्यांचे ट्रे आहेत, फोम कापून केलेले, त्यातला एकही बॅज कुणी कधी ओवाळलेला नाही.

दुसरं एक टोचत राहिलं ते नावाचं. पहिल्या महायुद्धातलं मेडल घ्या, त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते, भिंग लावलं की माणूस सापडतो. बॅजवर असलं काही नाही. हजारोंचा तो एकच. मी जास्तीत जास्त सांगू शकतो की कधीचा, कसा केला, वापरला का नाही. कुणाचा ते बॅज सांगतच नाही, कितीही उलटासुलटा केला तरी. आपल्याकडे सातारा, रत्नागिरीत गावोगावी ते संगमरवरी दगड आहेत ना भिंतीत बसवलेले, या गावातून इतके जण महायुद्धावर गेले आणि त्यातले इतके कामी आले, नुसते आकडे, नाव एकाचंही नाही. ताईंच्या मूळ गावात पण आहे म्हणे तसला दगड, शाळेत जाताना त्यावर बसून त्या बोरं खायच्या.

त्यांना माझ्याकडून कागद हवा होता. मुलाला दाखवायला, कारण मुलानं इंटरनेटवर बघून त्यांना सांगितलं होतं की आई हे ॲमेझॉनवर मिळतं. मी घरून लिहून पाठवतो म्हटलं, वजन, माप, फोटो सगळं नीट घेतलं. कागद असा केला: महार रेजिमेंट, १९४१ ते ४६ चा नमुना, पितळ, ओतीव, बहुधा भारतातच केलेला, टोपीवर वापरल्याच्या खुणा स्पष्ट, एक लग नंतर दुरुस्त. आणि खाली, कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार आजोबांचा. एवढी ओळ सगळे लिहितात, म्युझियमवाले लिहितात, लिलाववाले लिहितात, त्यात काही वावगं नाही. व्हॉट्सॲपवर पाठवला. दहा मिनिटांत फोन.

"सर, हे सांगण्यानुसार कशाला? आम्ही काय खोटं सांगतो का?"

मी समजावून सांगितलं, की ताई वस्तूवर नाव नाहीये म्हणून तसं लिहायची पद्धत आहे. त्या म्हणाल्या, "वरचं सगळं तुम्ही बघून लिहिलंत, आणि आजोबांचं तेवढं सांगण्यानुसार. म्हणजे पितळेवर विश्वास आणि आमच्यावर नाही." मी म्हटलं तसं नाही, आणि पुढे काही सुचेना, कारण नीट बघितलं तर तसंच होतं. मग मीच विचारलं, काही कागद असेल का, पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा दाखला, ज्यावर नंबर आणि बटालियन असेल? तर पेन्शनचं पुस्तक आहे, नागपूरला चुलतभावाकडे, पत्र्याच्या पेटीत, पण चुलतभावाचं आणि यांचं घराच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे. आता त्या म्हणतायत की भाच्याच्या लग्नात भेटतील तेव्हा विषय काढते. मी त्यांना पुस्तकाच्या कुठल्या पानाचा फोटो पाहिजे ते लिहून दिलंय, नंबरचं पान आणि भरतीच्या तारखेचं पान, फ्लॅश बंद ठेवून, आणि तोवर बॅज घासा किंवा नका घासू, पण त्या शिशाच्या जोडावर ब्रासो जास्त चोळू नका म्हणून सांगितलं, तो जोड आधीच ढिला आहे.